कडेगावच्या म्हातारीचा पाण्याचा तक्ता

आमच्या घरात कुणाचं पोट बिघडलं की ते सगळ्यात आधी माझ्यापासून लपवलं जातं. मला कळलं की मी पातेलं, मीठ, साखर आणि मापाचा पेला घेऊन आजाऱ्याच्या उशाशी बसते आणि उठत नाही. मागे जावई सुट्टीला साताऱ्याला आले आणि गाडीवरची भेळ खाऊन आडवे झाले. बिचारे म्हणत राहिले, "आई, प्यालो मी, खरंच प्यालो." मी म्हटलं, "माझ्यासमोर प्या." तेव्हापासून ते भेळेच्या गाडीकडे बघत नाहीत. भेळेला घाबरून नव्हे, मला घाबरून.

मुलं हसतात. आईचा कुणावर विश्वास नाही म्हणतात. मी नोकरीतली एक गोष्ट त्यांना सांगते, कडेगावच्या एका म्हातारीची, जी पाणी पीत नव्हती आणि मग कशी बरी झाली. गोष्ट खरी आहे, पण मी ती कायम अर्धीच सांगत आले. उरलेली अर्धी सांगायला लागले की माझाच आवाज मला दुसऱ्या कुणाचा तरी वाटतो. त्यापेक्षा लिहिलेलं बरं. लिहिताना आवाज येत नाही.

आम्ही उंब्रजचे. वडील हायवेवर रस्त्याच्या कामावर होते. आम्ही बौद्ध झालो तेव्हा मी दहा वर्षांची होते. वडिलांनी घरातले देव एका टोपलीत भरून नदीला सोडले आणि परत येऊन आम्हा भावंडांना सांगितलं की आता मान वर करून चालायचं. मी ते इतकं मनावर घेतलं की आठवडाभर वर बघून चालले आणि एका म्हशीच्या अंगावर जाऊन आदळले. पुढे मॅट्रिक झाले आणि वडिलांनी मला सांगलीला नर्सिंगच्या शिक्षणाला धाडलं. कुठला दवाखाना ते लिहीत नाही. त्यातली काही माणसं अजून आहेत आणि माझ्या मूर्खपणाचा भार त्यांच्यावर कशाला.

शिक्षणात मी फार हुशार होते. हे मी बढाई म्हणून नाही, पुरावा म्हणून सांगतेय. आम्हाला शिकवायला एक सिस्टर ट्यूटर होत्या, मलबारकडच्या, त्यांचं मराठी सगळं पुल्लिंगी. आठवड्यातून एकदा त्या नीतीचा तास घेत. रुग्णाला आपल्या हातून इजा होऊ द्यायची नाही. सगळ्यांची सेवा सारखी करायची. त्याचं गुपित बाहेर न्यायचं नाही. केलं तेच लिहायचं, न केलेलं लिहायचं नाही. मी हे पाढ्यासारखं घडाघडा म्हणत असे, आणि अक्षर तर असं की ट्यूटरबाई माझी वही वर्गात फिरवत.

शरीरातल्या पाण्याचा आणि क्षारांचा तोल हा धडा मात्र वर्गात कुणाच्या डोक्यात शिरला नव्हता. सोडियम, पोटॅशियम, कुठलं पेशीच्या आत आणि कुठलं बाहेर. तो मला माझ्या खोलीतल्या मैत्रिणीनं शिकवला. ती वाळव्याकडची, बागायतदार मराठ्याची मुलगी. ती म्हणाली, "आमच्या खालच्या मळ्यासारखं हाय बघ. नदीचं पाणी वर आलं, ऊस लावला, आणि आमचा चुलता पाणी सोडत सुटला. आता जमिनीवर पांढरं मीठ फुटलंय. ऊस पाण्यात उभा हाय आणि तहानेनं वाळतोय." मग तिनं हात झटकले. "नुसतं पाणी बघून चालत न्हाई. मीठ कुठं हाय ते बघायचं. झाला तुझा धडा." ती आणि मी एकाच तांब्यानं पाणी प्यायचो. तिनं कधी काही विचारलं नाही. मीही कधी काही सांगितलं नाही. माझं आडनाव हजेरीला रोज पुकारलं जायचं, त्यामुळे सांगायला काही उरलंही नव्हतं.

पासष्टची लढाई झाली त्याच्या पुढचा उन्हाळा. जुलाब-उलट्यांची साथ आली आणि व्हरांड्याच्या टोकाला असलेला वॉर्ड भरून गेला. आम्ही शिकाऊ मुली सकाळी सातपासून संध्याकाळी सातपर्यंत तिथं. माझ्याकडे खिडकीखालची सहा नंबरची खाट आली. त्या खाटेवर कडेगावची एक म्हातारी होती. साठीची असेल. ऊसवाल्या घरची, हातात काकणं, कपाळावर मोठं गोंदण, मुलगा मिलिटरीत. दोन दिवस तिला सलाईन चाललं होतं. उलट्या थांबल्या, जुलाब कमी झाले, आणि सलाईनच्या बाटल्या मोजक्या असल्यामुळे डॉक्टरांनी सुई काढली. आता सगळं तोंडानं द्यायचं ठरलं. दर दोन तासांनी आठ औंसांचा एक पेला. कधी मीठ-साखरेचं पाणी, कधी मीठ घातलेली पेज, कधी मोसंबीचा रस. रसात पोटॅशियम असतं आणि जुलाबात नेमकं तेच वाहून जातं, हे मला पाठ होतं. किती प्याली आणि किती बाहेर गेलं, दोन्ही तक्त्यावर लिहायचं. रक्त तपासून क्षार मोजायची सोय तेव्हा आमच्याकडे नव्हती. तक्ता हीच तपासणी.

तिची सून पहिल्या दिवशी घरचं पाणी घेऊन आली होती, पितळी तांब्यात, वर फडकं बांधून. साथीच्या वॉर्डात बाहेरचं पाणी बंद, म्हणून तिला दारातून परत पाठवलं. ती एस.टी.नं कडेगावला परत गेली, घरी तान्हं मूल होतं. म्हातारीनं तांब्या परत जाताना बघितला.

मी तिचं अंग पुसलं, केस विंचरले, बेडपॅन दिलं, चादर बदलली. ती खूष झाली. कुठली गं तू, म्हणाली. मी उंब्रजची म्हटल्यावर तिला बरं वाटलं, उंब्रजात तिची भाची दिलेली होती. मग तिनं विचारलं, "कुणाच्यातली तू?"

"बौद्ध."

तिनं छताकडे बघितलं. "आसू दे, आसू दे," म्हणाली, आणि माझ्या हातावर थोपटलं. जणू मलाच काही झालं होतं.

आठ वाजता मी पहिला पेला नेला. तिनं तो हातात घेतला नाही. "ठेव तितं. पिते मी." मी स्टुलावर ठेवला आणि शेजारच्या खाटेचा ताप बघायला वळले. परत आले तर पेला रिकामा. आठ औंस, मी लिहिलं. सुंदर आठ आला होता.

दहाच्या पेल्याला मी नीट वळले नव्हते. ती कोपरावर उठली, पेल्याला पदर लावून तो उचलला, खिडकीच्या गजांतून बाहेर ओतला आणि परत स्टुलावर ठेवला. लपवाछपवी काही नाही. आपण उष्टं पाणी झाडाला टाकतो तसं. बाहेर एक पपईचं झाड होतं. त्या उन्हाळ्यात सांगलीत सगळ्यात चांगली शुश्रूषा झाली असेल तर त्या पपईची. मीठ-साखर, पेज, मोसंबी, सगळं वेळेवर.

मी तक्त्याकडे गेले आणि लिहिलं, आठ औंस.

का लिहिलं, हे मला तीस वर्षांत नीट सांगता आलेलं नाही. घेतलं नाही असं लिहिलं असतं तर पुढच्या रकान्यात कारण लिहावं लागलं असतं. कारण लिहिलं असतं तर राउंडला ते मोठ्यानं वाचलं गेलं असतं, डॉक्टर, ट्यूटरबाई आणि आम्ही बारा मुली उभ्या असताना. सगळ्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं असतं आणि मग दुसरीकडे. त्या दुसरीकडे बघण्याची मला शाळेपासून माहिती होती. हे सगळं मी त्या वेळी विचार करून ठरवलं असं मात्र नाही. हात गेला आणि लिहिलं. आतून काही वाटलं नाही. राग आला असता तर बरं झालं असतं, राग आलेल्या माणसाचं अक्षर तरी बिघडतं.

बारा, दोन, चार, सहा. प्रत्येक वेळी पेला ठेवला, पाठ केली, ओतल्याचा आवाज ऐकला, आठ लिहिले. दुसऱ्या दिवशी तसंच. रात्रपाळीला एकटी सिस्टर तीन वॉर्ड बघायची. ती म्हातारीचं डोकं उचलून दोन-तीन घोट पाजून पुढे जायची. तिला कुणाच्यातली विचारायला म्हातारीला सवड मिळत नसे. त्या घोटांवर ती तगली असणार. ते घोट सिस्टरनं जेवढे होते तेवढेच लिहिले होते, दोन औंस, एक औंस. माझ्या भरघोस आकड्यांच्या खाली ते अगदी दरिद्री दिसत.

दुसऱ्या दिवशी दुपारी ट्यूटरबाईंनी इतर मुलींना सहा नंबरच्या खाटेशी बोलावलं आणि माझा तक्ता दाखवला. "असा तक्ता पाहिजे. एक वेळ चुकला नाही." मैत्रीण माझ्या मागे उभी होती. खोलीवर आल्यावर म्हणाली, "तुझ्या म्हातारीचं पोट हाय का हौद?" मी हसले. मी हसले हे मला आठवतं.

त्याच संध्याकाळी मला दिसायला लागलं होतं. जीभ लाकडासारखी. डोळे खोल. हातावरची कातडी चिमटीत धरून सोडली की ती तशीच उभी. पोटऱ्यांत गोळे. बोटांना मुंग्या येतात म्हणाली, हात उचलवत नाही म्हणाली. दिवसभरात लघवी जेमतेम दोन चमचे, गडद. मी एकेक लक्षण बघत होते आणि मनात त्याचं धड्यातलं वाक्य उमटत होतं, पान कुठलं तेही. परीक्षेत विचारलं असतं तर पूर्ण गुण मिळाले असते. खाटेवर एक बाई वाळत होती आणि मी उजळणी करत होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिला उठता येईना. आठचा पेला मी स्टुलावर ठेवला. तिनं त्याच्याकडे बघितलं, कोपर टेकवलं, ते घसरलं. पेला भरलेलाच राहिला. नऊला राउंड होता. भरलेला पेला राउंडला दिसला असता.

मी तो उचलला, खिडकीतून ओतला आणि आठ औंस लिहिले.

बारा पेले तिनं ओतले, तेरावा मी. घरात गोष्ट सांगताना मी हा पेला कायम गाळत आले.

राउंडला डॉक्टर आले. तरुण होते, आठवडाभर धड झोपलेले नव्हते. त्यांनी म्हातारीची जीभ बघितली, कपाळाला आठ्या घातल्या. मग तक्ता घेतला. दोन दिवसांत शंभर औंसांच्या आसपास आत, आणि बाहेर जवळजवळ काहीच नाही. ते ट्यूटरबाईंना म्हणाले की तोंड कोरडं दिसतंय खरं, पण एवढं पाणी जाऊनही लघवी नाही, म्हणजे मूत्रपिंडं बंद पडत चाललीत. तक्ता एवढा नीट ठेवलेला नसता तर मी फसलो असतो, असंही म्हणाले. मग हुकूम सांगितला. दिवसाला फक्त वीस औंस पाणी. मोसंबीचा रस पूर्ण बंद, मूत्रपिंडं चालत नसताना पोटॅशियम साठलं तर हृदय थांबेल. मुलाला तार करा.

सगळं बरोबर होतं. त्या आकड्यांवर कुठल्याही शहाण्या माणसानं हेच केलं असतं. मी हुकूम लिहून घेतला. अक्षर तसंच होतं, मी मुद्दाम बघितलं.

राउंड पुढच्या खाटेकडे सरकला आणि तसाच व्हरांड्यात गेला. मी म्हातारीजवळ उभी राहिले. हिला पाण्याची गरज होती आणि माझ्या तक्त्यामुळे होतं नव्हतं तेवढंही तोडणार होते. आजचा दिवस गेला असता, उद्याचा कदाचित नाही.

"आजी," मी म्हटलं, "तुमी पाणी पीत न्हाई."

"न्हाई." डोळे मिटलेलेच.

"मी पिताय म्हणून लिवलंय."

तिनं डोळे उघडले. "का लिवलंस?"

मी तिची चादर सारखी केली.

"मी काय चोरून वतलं व्हय? तुज्या म्होरं वतलं. सांगायचं न्हाईस, म्हातारी माज्या हातचं पीत न्हाई म्हणून?"

"मला लाज वाटली."

"तुला?" ती म्हणाली. "तुला गं कशाची?"

ती टोमणा मारत नव्हती. तिला खरंच कळलं नव्हतं. मी तिला एवढंच सांगितलं की डॉक्टर आता पाणी कमी करणार आहेत आणि पाणी कमी केलं तर ती वाचणार नाही. तिनं ते ऐकून घेतलं, आपल्या शेताबद्दल कुणी काही सांगावं तसं.

"मंग जा की. सांग जा त्यास्नी. पोरगं येईस्तवर ऱ्हायचं हाय मला."

"मी दिलं तर आता प्याल का?"

"तुज्या हातचं न्हाई," ती म्हणाली. आवाजात काही नव्हतं. वांगं खात नाही म्हणून सांगावं तसं म्हणाली.

ट्यूटरबाई मागच्या खोलीत स्टोव्हवर सिरिंजा उकळत होत्या. मी दारात उभं राहून सांगितलं की सहा नंबरचा तक्ता खोटा आहे, बाई काहीच प्यालेली नाही. त्यांनी विचारलं, "मग पाणी कुठे गेला?"

"पपईला."

त्यांना वाटलं, तिला मिठाची चव आवडत नसेल. मग मला ते सांगावं लागलं, जे न सांगण्यासाठी मी तेरा वेळा आठ लिहिले होते. सांगायला एक वाक्य लागलं. त्या स्टोव्हकडे बघत राहिल्या.

"तू तिला बेडपॅन दिला?"

"हो."

"तो चालतो?"

"तो चालतो."

त्यांनी स्टोव्ह बंद केला, मला पुढे घातलं आणि डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर परत वॉर्डात आले, म्हातारीच्या हातावरची कातडी चिमटीत धरली, सोडली, ती उभी राहिली. मग त्यांनी मला विचारलं की आज सकाळी आठचा पेला कुणी ओतला, बाईला तर उठता येत नाही. मी म्हटलं, मी. त्यांनी सलाईन आणायला सांगितलं. शिव्या दिल्या असत्या तर मी त्या आज कौतुकानं सांगितल्या असत्या.

सलाईनची बाटली आली. शीर सापडेना, वाळली होती. तिचा दंड मी आवळून धरला. तिसऱ्या खेपेला सुई गेली. म्हातारी बाटलीकडे बघत होती. "ह्यात काय हाय?" तिनं मला विचारलं. मी म्हटलं, मीठ आणि पाणी. तिनं मान हलवली आणि डोळे मिटले. बाटली मीच लावली होती, नळी मीच धुतली होती, त्याबद्दल तिची काही तक्रार नव्हती. शिरेतून जाणाऱ्या पाण्याला शिवाशीव नसते असं दिसतं. निदान कडेगावात तरी तसा नियम अजून झाला नव्हता.

मग ट्यूटरबाईंनी मला टेबलाशी बसवलं. चुकीचा आकडा खोडरबरानं पुसायचा नसतो, गिरवून काळा करायचा नसतो. त्यावर एकच आडवी रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. बाजूला खरं लिहायचं आणि सही करायची. मी तेरा आठांवर तेरा रेघा मारल्या. तेरा वेळा लिहिलं, घेतले नाही. कारणाच्या रकान्याशी आले तेव्हा मी त्यांच्याकडे बघितलं. त्या म्हणाल्या, "जो आहे तो लिहा." मी लिहिलं, माझ्या हातून घेतले नाही. शेवटच्या ओळीत लिहिलं, पेला मी ओतला. सगळं संपल्यावर तक्ता पूर्वीपेक्षाही नीट दिसायला लागला. माझ्या अक्षराला लाज नाहीच.

संध्याकाळपर्यंत जीभ ओलसर झाली. आता थोडं तोंडानंही द्यायला हवं होतं, शिवाय रसही, सलाईनच्या बाटल्या किती दिवस पुरणार. ट्यूटरबाईंनी मला बाजूला घेऊन विचारलं की सहा नंबरला दुसरी मुलगी द्यावी का. त्या म्हणाल्या, सगळ्यांची सेवा सारखी करा असं मी शिकवला, पण सेवा कुणी घेत नाही तर काय करायचा ते माझ्या पुस्तकात नाही. मी सांगीन तसं करणार होत्या. मला वाटतं, त्यांना माझा मान राखायचा होता. मला त्या वेळी मान वगैरे काही सुचलं नाही. मी म्हटलं, द्या. आणि मैत्रिणीचं नाव सांगितलं.

मैत्रीण खोलीत वेणी घालत होती. तिनं सगळं ऐकलं आणि म्हणाली, "मी न्हाई जाणार."

"का?"

"तुझ्या हातचं पीत न्हाई ती. मग माझ्या हातचं कशाला पाजू? ऱ्हाऊ दे तहानेली."

"मरंल ती."

"मरू दे."

"तूच सांगितलंस ना, ऊस पाण्यात उभा राहून वाळतो म्हणून. तसं होतंय तिचं."

"तुला काहीच वाटत न्हाई का गं?" तिनं विचारलं. ती रडायला लागली होती. तिचं बरोबर होतं, दोघींपैकी कुणीतरी रडायला हवं होतं आणि माझ्याकडून ते होत नव्हतं.

मी म्हटलं, "वाटतं का नाही ते नंतर बघू. आठचा पेला चुकतोय."

ती गेली. पेला स्टुलावर असा आपटला की घोटभर सांडलं. म्हातारीनं तिला विचारलं, कुणाच्यातली. मैत्रिणीनं दात आवळून सांगितलं. म्हातारीनं दोन्ही हात पुढे केले, पेला धरला आणि पेल्याच्या बुडापर्यंत प्याली. मी खाटेच्या पायथ्याशी तक्ता घेऊन उभी होते. गळ्याची शीर वरखाली होताना दिसत होती. सांडलेलं वजा करून मी साडेसात औंस लिहिले.

रात्री साडेदहाला तिला लघवी झाली. मला तिथं असायचं कारण नव्हतं, पण मी खोलीवर गेलेच नव्हते. मी ती मापात ओतली, दिव्याखाली धरली. नऊ औंस, फिकट पिवळी. पुढे मला दोन मुलं झाली, नातू झाला, पण कुणाचंही एवढं निरखून बघितल्याचं आठवत नाही.

मेट्रनबाईंनी मला एक सत्र मागं टाकलं. माझ्याबरोबरच्या मुली सहा महिने आधी नर्स झाल्या. वडिलांना पत्र गेलं. घरी मी त्यांना एवढंच सांगितलं होतं की मी आजारी पडले होते, आणि ते पत्र वाचून त्यांना कळलं की मी खोटं बोलायलाही शिकलेय. मान वर करून चालण्याबद्दल त्यांनी पुन्हा कधी सांगितलं नाही.

तार आधीच गेली होती, त्यामुळे म्हातारीचा मुलगा चार दिवसांनी गणवेशातच थेट वॉर्डात आला, आई गेली असं धरूनच आला होता. आई खाटेवर बसून पेज खात होती. तिनं त्याला बघून दोन मिनिटं डोळे पुसले आणि मग सुट्टी फुकट घालवली म्हणून झापलं. तो व्हरांड्यात बाकावर बसून राहिला, तिला घरी न्यायला.

त्या दिवशी दुपारी मैत्रिणीला ऑपरेशन थिएटरला बोलावलं होतं. दोनचा पेला द्यायला जवळपास कुणी नव्हतं. शेवटचाच पेला होता, मोसंबीचा. मी तो नेला. म्हातारीनं हसून माझ्याकडे बघितलं, पलंगावर हात आपटून बस म्हणाली. मी बसले. तिनं माझं लग्न ठरलंय का विचारलं, उंब्रजला गेलीस तर भाचीला माझी खुशाली सांग म्हणाली. मी पेला पुढे केला.

"ठेव तितं, बाय," ती म्हणाली.

मी ठेवला. या वेळी पाठ केली नाही. तीही हलली नाही. आम्ही दोघी त्या पेल्याकडे बघत बसलो, बराच वेळ, एकमेकींचा जराही राग न येता. मग मी उठले, तक्ता घेतला, दोनच्या पुढे लिहिलं, घेतले नाही. कारण लिहिलं, सही केली, आणि दुसऱ्या मुलीला हाक मारायला गेले.